रोज दोनच ग्लास, तरी पहाटे तीनला जाग

प्रिय डॉक्टरताई,

वय ४९. ठाण्यात राहते, एका बँकेत अधिकारी आहे. मुलगा शिकायला बाहेरगावी, मुलगी बारावीत, सासूबाई आमच्याजवळच असतात. लॉकडाउनच्या आधी मी फक्त पार्टीत वाइन घ्यायचे. लॉकडाउनमध्ये संध्याकाळी एक ग्लास सुरू झाला आणि तो राहिलाच. आता आठवड्यातले पाच दिवस रोज दोन ग्लास होतात. शनिवारी मित्रमंडळींत बसलो की जिनचे तीन लार्ज. त्यापुढे मी जात नाही. सासूबाई हॉलमध्ये मालिका बघत असतात म्हणून मी स्वयंपाक करता करता स्टीलच्या पेल्यात ओतून घेते. त्यांना वाटतं सरबत आहे. नवरा फक्त व्हिस्की घेतो. वाइनची बारा बाटल्यांची पेटी मागवतो, ती महिना-सव्वा महिना पुरते.

वर्षभर झालं, झोप पटकन लागते पण अडीच-तीनला खाडकन जाग येते. छातीत धडधड, मानेला घाम, डोक्यात नको नको ते विचार. पाळीही अनियमित झाली आहे. चार-पाच रात्री अशा गेल्या की नवऱ्याला दिलेली झोपेची गोळी अर्धी करून घेते. बँकेच्या वार्षिक तपासणीत बीपी १३८/८८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन. डॉक्टर म्हणाले, ‘ड्रिंक्स कमी करा.’ किती कमी, ते सांगितलं नाही. नवरा म्हणतो, ‘आपण काय बेवडे आहोत का? आणि वाइन तर हार्टला चांगली.’ गेल्या श्रावणात पंधरा दिवस बंद केली होती. पहिले चार-पाच दिवस चिडचिड झाली, मग मात्र इतकी गाढ झोप लागायची की काय सांगू. मैत्रिणीच्या पन्नाशीला परत सुरू झाली.

मला पूर्ण सोडायची नाही. मजा येते, आणि संध्याकाळचा तो अर्धा तास फक्त माझा असतो. पन्नाशीत तब्येत सांभाळून थोडी घेता येते का, एवढंच सांगा.

नाव छापू नका, ठाणे

---

पत्र मनमोकळं लिहिलंत, आकडे दिलेत, लपवलेला पेलाही लिहिलात. त्यामुळे मलाही मोघम बोलायची गरज नाही.

सगळ्यात आधी गोळी. झोपेची गोळी आणि दारू एकाच रात्री पोटात जाता कामा नये. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे बहुतेक वेळा ती अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम असते. ही औषधं आणि अल्कोहोल मेंदूतल्या एकाच यंत्रणेवर काम करतात, त्यामुळे एकाचा परिणाम दुसऱ्याने वाढतो. शुद्ध हरपते, तोल जातो, आणि मुख्य म्हणजे श्वास मंदावतो. अर्धी गोळी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पोटात चार पेग असताना ती अर्धी राहत नाही. तुम्ही ती अधूनमधूनच घेता, त्यामुळे थांबवायला अडचण येऊ नये. जे रोज घेतात त्यांनी मात्र एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. उरलेली पाकिटं आज नवऱ्याच्या हवाली करा. बाकीचं सगळं सावकाश करा, हे आजच.

आता पहाटे तीनचं.

दारू पोटात गेली की ती मोडून टाकायचं काम यकृताला करावं लागतं, आणि त्याचा वेग जवळजवळ ठरलेला असतो: तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबूपाणी यातलं काहीही तो वेग वाढवत नाही. तुमच्या दोन पेल्यांत किती अल्कोहोल जातं ते पुढे मोजू, पण ते ४० ग्रॅमच्या आसपास आहे. आठला सुरुवात केलीत तर ते संपायला रात्रीचे एक-दोन वाजतात. तोपर्यंत मेंदूला गुंगीत ठेवणारी वस्तू रक्तात असते, म्हणून झोप पटकन लागते. त्या वेळात मेंदू या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला जास्त जागं ठेवत असतो. दारू संपते, पण ते जागेपण लगेच ओसरत नाही. नाडी वाढलेली, अंग तापलेलं, तोंड कोरडं. शिवाय दारू लघवी अडवून धरणारं संप्रेरक दाबते, त्यामुळे बाथरूमलाही उठावं लागतं. रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबलेली असते, ती उत्तररात्री तुकड्यातुकड्यांनी आणि भडक स्वप्नांसकट परत येते. तुमचे ‘नको नको ते विचार’ बँकेतल्या टार्गेटांचे असतील, मुलीच्या बारावीचे असतील, पण त्या वेळी ते इतके अक्राळविक्राळ वाटतात त्याला ही उतरती दारू बरीचशी जबाबदार आहे. दिवसा अकरा वाजता तेच विचार तुम्ही सहज हाताळता.

मग हे पस्तिशीत का होत नव्हतं? कारण शरीर तेच राहिलेलं नाही. चाळिशीनंतर स्नायू कमी होतात, चरबी वाढते, आणि अल्कोहोल चरबीत फारसं मुरत नाही, पाण्यात मिसळतं. अंगातलं पाणी कमी झालं की तेवढीच वाइन रक्तात जास्त दाट होते. बायकांच्या अंगात मुळातच पुरुषांपेक्षा पाण्याचं प्रमाण कमी, आणि जठरात अल्कोहोल मोडणारं विकरही कमी. म्हणून ‘नवऱ्याइतकीच घेते’ हा हिशोब बायकांना कधीच लागू पडत नाही. त्यात तुमची पाळी जायचा काळ आलेला. या काळात अंगाचं तापमान सांभाळणारी यंत्रणा हळवी होते, जराशा कारणाने अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो. दारू त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि याला आणखी चिथावणी देते. मानेचा घाम पाळीमुळे किती आणि वाइनमुळे किती, हे दोन्ही एकत्र चालू असताना कोणताही डॉक्टर छातीठोक सांगू शकणार नाही. एक बाजूला काढून बघावं लागतं. वाइन बाजूला काढता येते, पाळी काढता येत नाही.

आता मोजणी. इथे मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न त्या पेल्यात आहे.

घरातला पाणी प्यायचा स्टीलचा पेला घ्या आणि औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने किंवा मोजपात्राने त्यात पाणी ओतून बघा. बहुतेक पेल्यांत काठोकाठ २५० मिलिच्या आसपास मावतं. सरबत वाटावं इतपत, म्हणजे पाऊण भरला, तरी जवळपास २०० मिलि होतात. हॉटेलात वाइनचा ग्लास मोजून देतात तेव्हा तो साधारण १५० मिलिचा असतो. १३ टक्क्यांच्या वाइनचे २०० मिलि म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्की-रम-जिनमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ३० मिलिच्या स्मॉल पेगमध्ये जवळपास १० ग्रॅम येतात. म्हणजे तुमचा एक पेला हा दोन स्मॉल, आणि ‘रोज दोनच ग्लास’ हे रोज चार स्मॉल. पाच दिवसांचे वीस. शनिवारचे तीन लार्ज म्हणजे आणखी सहा. आठवड्याचे सव्वीस स्मॉल पेग, सुमारे २६० ग्रॅम. खात्री करायची असेल तर तुमचीच पेटी बघा. नवरा वाइन घेत नाही, बारा बाटल्या महिना-सव्वा महिन्यात संपतात, म्हणजे आठवड्याला सव्वादोन ते पावणेतीन बाटल्या. एका बाटलीत साडेसात स्मॉल. वाइनचा आकडा तोच येतो, विसाच्या आसपास.

ब्रिटनने २०१६ साली पुरुष आणि बायका दोघांसाठी आठवड्याला चौदा युनिटची मर्यादा सांगितली, म्हणजे ११२ ग्रॅम, आपल्या हिशोबाने अकरा स्मॉल. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये हात आणखी आखडता घेतला: आठवड्याला दोन ड्रिंकपर्यंत धोका कमी, तीन ते सहा मध्यम, सातपासून पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही ठळक वाढतो. तिथलं एक ड्रिंक सुमारे साडेतेरा ग्रॅमचं. तुम्ही यातल्या उदार मर्यादेच्याही दुप्पट पुढे आहात. तुम्ही खोटं बोलता असं मला अजिबात म्हणायचं नाही. तुम्ही मनापासून ‘दोन ग्लास’ मोजत होतात. अपारदर्शक पेल्यात किती ओतलं ते सासूबाईंना दिसत नाही तसं तुम्हालाही दिसत नाही, एवढंच.

बीअर पिणाऱ्या वाचकांनीही हा हिशोब करून बघावा. ६५० मिलिची आठ टक्क्यांची एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. ‘मी दारू घेत नाही, फक्त बीअर’ म्हणणारे कितीतरी पेशंट मला भेटतात, आणि त्यांच्या रोजच्या दोन बाटल्या आठ पेगांच्या भरतात.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रेड वाइन हृदयाला चांगली, हे नव्वदच्या दशकापासून डॉक्टरही सांगत होते. तेव्हाच्या पाहण्यांत थोडी पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसत. नंतर लक्षात आलं की ‘न पिणाऱ्यां’च्या यादीत आजारपणामुळे सोडलेले लोकही धरले होते, आणि थोडी पिणारे बरेचदा जास्त शिकलेले, सुखवस्तू, चांगलं खाणारे-फिरणारे होते. ते फरक वजा केले की वाइनचा फायदा जवळजवळ विरघळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की आरोग्याला अजिबात धोका नाही असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून मद्य पहिल्या गटात ठेवलंय, जिथे तंबाखू आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध पक्का आहे. तुमच्या वयाच्या बाईला यातला शेवटचा जवळचा. रोजच्या दर दहा ग्रॅममागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण सात टक्क्यांनी वाढतो. हे सात टक्के म्हणजे मुळात जो धोका असेल त्याच्या सात टक्के, शंभर बायकांतल्या सात असं समजून घाबरू नका. पण रोजचे चाळीस ग्रॅम ही दुर्लक्ष करायची गोष्ट नाही.

२०२२ साली सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे आपल्याकडे खूप ऐकू आलं. द्राक्ष शेतकऱ्याच्या बाजूने बोलायला माझी हरकत नाही, नाशिकचा शेतकरी जगला पाहिजे. पण यकृताला द्राक्ष, मोह, काजूचं बोंड आणि उसाची मळी यांतला फरक कळत नाही. तुमचे ट्रायग्लिसराइड, बीपी आणि फॅटी लिव्हर, या तिन्हींना दारूने खतपाणी मिळतं. चांगली बाब ही की दारू थांबली की हे तिन्ही सुधारूही लागतात, बीपी आणि ट्रायग्लिसराइड तर काही आठवड्यांत.

आता तुमचा खरा प्रश्न: थोडी घेता येते का.

यकृताच्या तज्ज्ञाला विचाराल तर फॅटी लिव्हर असताना ते शून्य म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. मीही डॉक्टर म्हणून पहिलं उत्तर तेच देईन. पण तुम्ही प्रौढ आहात, तुम्हाला जोखीम समजते, आणि ‘सोडा नाहीतर येऊ नका’ म्हटलं की माणसं सोडत नाहीत, यायची बंद होतात. म्हणून माझं मत सरळ सांगते. तुमच्याकडे दोन वेगवेगळी पिणी आहेत. शनिवारचं माणसांबरोबरचं, हसण्या-बोलण्यातलं. आणि रोज संध्याकाळी ओट्याशी उभ्याने, एकटीने, शिणवटा घालवायला घेतलेलं. दुसरं पूर्ण जायला हवं. पहिलं लहान करून ठेवता येईल.

त्याआधी चार आठवडे पूर्ण बंद. तुम्हाला हे जमतं याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. श्रावणातल्या त्या पंधरा दिवसांत हात थरथरले नाहीत, भास झाले नाहीत, फक्त चार-पाच दिवस चिडचिड झाली. म्हणजे शरीर दारूवाचून अडून बसलेलं नाही. (सकाळी उठल्यावर ज्यांचे हात कापतात, घाम फुटतो, आणि एक घोट घेतल्यावरच बरं वाटतं, त्यांनी हा प्रयोग घरी करू नये. अचानक थांबवल्याने त्यांना झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावं.) पहिला आठवडा झोप लागायला वेळ लागेल. ती वाइनने बिघडवलेली सवय आहे, तिला मोडायला तेवढे दिवस लागतात. त्या आठवड्यात झोपेबद्दल काहीही निष्कर्ष काढू नका. चौथ्या आठवड्यात रात्री किती वेळा जाग आली, घाम किती आला, ते वहीत लिहा. घाम तेव्हाही तसाच असेल तर तो पाळीचा, आणि त्यावर उपचार आहेत. ते पान घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, सहन करत बसू नका.

श्रावण ही आपल्याकडची फार चांगली सोय आहे. लोक एकत्र सोडतात, त्यामुळे ‘का गं, काय झालं?’ असं कोणी विचारत नाही. मला खटकते ती त्याआधीची गटारी. दीप अमावस्येला घराघरात दिवे घासूनपुसून पूजतात, त्याच दिवशी महिन्याभराचा कोटा एका बैठकीत भरून काढायचा, याने श्रावणाचा निम्मा उपयोग वाया जातो. एका रात्रीत सात-आठ पेग घेतल्यावर हृदयाचे ठोके अनियमित होऊन आलेली माणसं इस्पितळात दिसतात, त्यातली काही चाळिशीतली आणि एरवी धडधाकट. तुम्ही मात्र श्रावणाची वाट बघू नका. या सोमवारपासून सुरू करा.

संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाचं काय? तो सोडू नका, तो तुमचा हक्क आहे. पण नीट बघा, घरी येता तेव्हा नेमकं काय झालेलं असतं. दुपारी एकला डबा खाल्लेला, त्यानंतर दोन चहा आणि बिस्किटं, लोकलची गर्दी, साडेसातला घरात पाय, समोर ओटा आणि भाजी. पोट रिकामं आणि डोकं थकलेलं. रिकाम्या पोटी पहिला घोट झपाट्याने चढतो आणि तोच आराम वाटतो. बऱ्याच बायकांच्या बाबतीत या आठच्या तलफेत निम्मी भूकच असते. सहाच्या सुमारास बँकेतच मूठभर फुटाणे-शेंगदाणे, एखादं अंडं किंवा फळ खा. घरी आल्यावर आधी पंधरा मिनिटं बसा. स्वयंपाकघरात नको, बाल्कनीत किंवा गच्चीत, दार लोटून. हातात काहीतरी असायची सवय लागलेली असते, तर कोकमाचं आगळ सोड्यात घाला, बर्फ टाका, जिरेपूड भुरभुरा. मीठ जपून, बीपी आहे. ग्लास काचेचा घ्या, चांगल्यातला. आणि भाजी चिरायचं काम त्या वेळेला घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊ द्या. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलंय. रात्रीचा स्वयंपाक एकट्या तुमच्यावर असेल तर तो पेला त्याच्यावरच उभा आहे, आणि ते ओझं हलवल्याशिवाय पेला हलणार नाही.

चार आठवड्यांनंतर शनिवार परत येईल. तेव्हा मला वाटतं तुम्ही असं करून बघावं. आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, लागोपाठचे नकोत. एका वेळी १५० मिलि वाइन किंवा जिनचे दोन स्मॉल, त्यावर नाही. घरी ओतताना मापाने ओतायचं, अंदाजाने नाही. आधी जेवायचं, मग ग्लास, आणि नऊ-साडेनऊनंतर नवीन ग्लास भरायचा नाही, म्हणजे झोपेच्या वेळेपर्यंत बरंचसं उतरलेलं असेल. एकटीने नाही, उभ्याने नाही. पेटी मागवणं बंद. हवी त्या दिवशी एक बाटली. आणि किती घ्यायची ते घरून निघायच्या आधी ठरवायचं. पहिला ग्लास पोटात गेल्यावर ठरवणारी तुम्ही वेगळी असता.

आपल्या पार्ट्यांची एक गडबड अशी की आठला ग्लास भरतात आणि जेवण साडेअकराला येतं. मधले साडेतीन तास तळलेला चखणा, खारे शेंगदाणे, शेव. मिठाने तहान लागते, तहान लागली की पुढचा पेग. तुम्ही घरून वरण-भात किंवा दोन पोळ्या खाऊन निघा. पहिला पेला पाण्याचा घ्या, आणि जिन घेतलीत की तिच्याबरोबर तेवढंच साधं पाणी. ‘एक घे गं, एकाने काय होतंय’ म्हणणारी माणसं वाईट नसतात, त्यांना आग्रह म्हणजे प्रेम असं शिकवलेलं असतं. त्यांना कारणं देत बसू नका, कारण दिलं की त्यावर तोडगा येतो. ‘आज एवढंच’ म्हणा आणि विषय बदला. ग्लासात सोडा-लिंबू असला की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

गाडीबद्दल एकच सांगते. कायद्याने १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि तीन लार्ज नऊला सुरू झाले तर पहाटे पाच-सहापर्यंत ते रक्तात राहू शकतात. रविवारी पहाटे उठून येऊरला फिरायला जात असाल तर गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी.

घरच्यांबद्दल लिहायला मी जरा थांबले, कारण तिथे बाहेरच्या माणसाने जपून बोलावं. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रोजचा पेला थांबला की लपवण्यासारखं फारसं उरणारही नाही. मुलीला मात्र बहुतेक माहीत आहे. बारावीतल्या मुलीला आईच्या श्वासाचा वास कळतो, पेल्याचा रंग कळतो. ती विचारेल तेव्हा खरं सांगा: मी घ्यायचे, जास्त होत होती, मोजून बघितली, कमी केली. आणि यजमानांना माझं हे उत्तर वाचायला द्या. त्यांना रोज झोपेची गोळी लागते का, व्हिस्की किती होते, ते दोन्ही एका रात्री घेतात का, हेही मला त्यांच्यासाठी विचारायचंय. चार आठवडे दोघांनी मिळून केलेत तर ते खूप सोपं जाईल.

आता जरा कठीण. डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी पिण्यावरून बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावीशी वाटते का? दोन किंवा जास्त ‘हो’ असतील तर नीट चौकशी करावी असा संकेत आहे. तुमच्या पत्रात पहिल्याला आणि तिसऱ्याला ‘हो’ दिसतंय. याचा अर्थ तुम्ही व्यसनी आहात असं मी म्हणत नाही, आणि एका पत्रावरून कोणी म्हणूही नये. पण ठरवूनही चार आठवडे पार पडले नाहीत, किंवा सुरू केल्यावर महिन्याभरात पेला परत ओट्याजवळ आला, तर ते इच्छाशक्ती कमी पडल्याचं लक्षण समजून स्वतःला कोसत बसू नका. मदत घ्या. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि तिथे फक्त रस्त्यावर पडणारी माणसं जातात हा समज अगदी चुकीचा आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही हेल्पलाइन आहे, आणि मन फार खचलं, पहाटेचे विचार दिवसाही सुटेनात, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे. औषधंही आहेत, तलफ कमी करणारी. ती मानसोपचारतज्ज्ञ देतात.

तुमचे डॉक्टर ‘कमी करा’ एवढंच म्हणाले, कारण बहुधा तुम्ही त्यांना ‘कधीतरी वाइन घेते’ असं सांगितलं असणार. बहुतेक बायका तसंच सांगतात, आणि दवाखान्यात त्यांच्याकडे बघणाऱ्या नजरा पाहता मला ते समजतं. पुढच्या वेळी त्यांना खरा आकडा सांगा: आठवड्याला सव्वीस स्मॉल होते, आता इतके आहेत. तीन महिन्यांनी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि यकृतासाठी एसजीपीटी आणि जीजीटी या रक्ततपासण्या करा. बीपी घरीच सकाळी बसून, पाच मिनिटं शांत राहून, आठवडाभर लिहून ठेवा. ते कागद हाती आले की मला पुन्हा लिहा, मग शनिवारच्या ग्लासाबद्दल आपण त्या आकड्यांवरून बोलू.